पान धुण्याची एम.एस्सी.

पालेभाजी धुण्याच्या बाबतीत सुरतच्या लिंबायतमध्ये तीन पंथ आहेत. पहिला पंथ जुडी नळाखाली धरतो, दोनदा झटकतो आणि शेजारच्या ओट्यावर शिंतोडे उडवून मोकळा होतो. दुसरा पंथ मिठाच्या पाण्यात पानं बुडवून ठेवतो, मग मालिका बघायला बसतो आणि मालिका संपेपर्यंत भाजीला विसरतो. तिसरा पंथ आधी चिरतो आणि मग धुतो. या तिसऱ्यांना पहिले दोघे धर्मबुडवे समजतात, पण बहुमत त्यांचंच आहे. मीठी खाडीच्या दोन्ही काठांवर आणि नीलगिरी सर्कलच्या पलीकडेही हीच परिस्थिती. खानदेश सोडून सुरतला येताना आमच्या लोकांनी भाषा आणली, भरीत आणलं, कानबाई आणली, आणि त्यांच्याबरोबर हे पंथही उधना स्टेशनवर उतरले.

चौथा पंथ मात्र आमच्या घरात निघाला. संस्थापक माझा पुतण्या. तो रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो आणि त्याच्या प्रबंधाचा विषय आहे पालेभाज्यांतल्या सूक्ष्म धातूंचं मोजमाप. घरच्यांना त्यातला ‘पालेभाज्या’ एवढाच भाग कळला. एक मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘‘भाजी धवासाठे कालेज?’’ मावशींचे दोन मुलगे लूमवर, एक मार्केटात ताके मोजायला. तिघांनी मिळून आयुष्यात एक पान धुतलेलं नाही आणि तिघांचंही बरं चाललंय.

पण पुतण्याचं धुणं साधं नाही. पान आधी नळाच्या पाण्यातून जातं. मग साबणाच्या पाण्यातून. साबण पाव टक्क्याहूनही कमी आणि तोसुद्धा फॉस्फेट नसलेला, म्हणजे टीव्हीवरची जाहिरात बघून उचललेला नव्हे. मग अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लातून. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्यातून आणि शेवटी दोनदा ऊर्ध्वपातन केलेल्या पाण्यातून. हे सगळं भराभर, सेकंदांच्या हिशोबात. जास्त वेळ भिजवलं तर पानातलं पोटॅशियमच पाण्यात उतरतं. म्हणजे आमचा दुसरा पंथ मालिका बघता बघता पोटॅशियम मोरीत सोडून देत होता. हे कळल्यावर त्या पंथातल्या बायकांनी मालिका बंद केली नाही, मीठ बंद केलं.

आणि धुवायचं ते पान ताजं असतानाच. एकदा कोमेजलं की धूळ अशी चिकटून बसते की निघत नाही, आणि ती काढायच्या नादात आतलं चांगलं तेवढं निघून जातं. ही गोष्ट त्यानं मला मोठ्या गांभीर्यानं सांगितली. मी ओळखीच्या दोन-चार माणसांना मनातल्या मनात लावून पाहिली, बरोबर बसली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मोजायचं प्रमाण फार लहान म्हणून. साधारणपणे बऱ्याच पिकांच्या वाळलेल्या पानात जस्त वीस पीपीएमच्या खाली गेलं की झाड उपाशी आहे असं धरतात. वीस पीपीएम म्हणजे एक टन वाळक्या पानात वीस ग्रॅम. तांबं तर पाच पीपीएमच्या आसपास असलं तरी झाडाचं भागतं. आणि मॉलिब्डेनम नावाचं एक प्रकरण आहे, त्याचं दुखणं एका पीपीएमच्याही खाली चालतं. असल्या हिशोबात बोटाला लागलेली धूळ म्हणजे दरोडा. लोखंडाचं तर विचारायलाच नको. मातीत लोखंड भरपूर, त्यामुळे न धुतलेलं पान मशीनवर ठेवलं की यंत्र पानाचं नव्हे, रस्त्याचं लोखंड मोजून देतं. आमच्या भागातल्या रस्त्याचं मोजलं तर यंत्रालाच दम लागेल.

आता एक अडचण अशी की पुतण्या राहतो लिंबायतमध्ये, आणि अभ्यासाचे नमुने कधीकधी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवतो. लिंबायतमधलं घर म्हणजे काय चीज आहे हे त्याच्या प्राध्यापकांना माहीत नसावं. मी एकदा त्याच्या चष्म्यातून घर पाहिलं आणि हादरलो. वर पत्रा, त्यावर जस्ताचा मुलामा. पाण्याचा हंडा तांब्याचा. देवघरातली समई, घंटा, पंचपात्री पितळेची, म्हणजे तांबं अधिक जस्त. वहिनी दुपारभर साडीवर टिकल्या आणि जरीची लेस लावतात. जरीत तांब्याची तार, आणि जरा परवडणारं गिऱ्हाईक असेल तर चांदी. बादली गॅल्व्हनाइज्ड. दरवाज्याच्या बिजागरीचा गंज वेगळाच, तो दार उघडताना पडतो आणि बंद करताना उडतो. कुंकू, शेंदूर, गुलाल यांच्याबद्दल त्यानं तोंड उघडलं नाही, आजी समोर होती. हळदीबद्दल उघडलं. भेसळीच्या हळदीत लेड क्रोमेट असतं आणि त्यात शिसं आणि क्रोमियम दोन्ही येतात, असं तो म्हणाला. आजीनं विचारलं, ‘‘मंग आपली हयद कशी शे?’’ तो म्हणाला, मोजायला पाहिजे. त्यावर आजीनं हळदीचा डबा कुलपात ठेवला. कशापासून कशाचं रक्षण, ते कळलं नाही.

या शास्त्राचा सगळ्यात गमतीचा भाग हा की इथं घाण बाहेरून येते त्यापेक्षा जास्त सफाईच्या सामानातून येते. हातमोजे घालावेत तर रबरात जस्त आणि मोज्यातल्या पावडरमध्येही. बाटलीला रबरी बूच लावावं तर पुन्हा जस्त. चाळणी पितळेची घेतली की तांबं आणि जस्त दोन्ही फुकट. पानाची भुकटी करायला स्टेनलेस स्टीलची गिरणी वापरावी तर लोखंड, क्रोमियम, निकेल. म्हणून ज्याला खरंच काटेकोर व्हायचं असतं तो अकीक दगडाच्या खलात कुटतो. काचेची भांडी रात्रभर दहा टक्के नायट्रिक आम्लात बुडवायची, मग त्या आम्लाचा अंश राहू नये म्हणून शुद्ध पाण्यानं धुवायची, मग ते पाणी शुद्ध आहे का ते तपासायचं. भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगून बघा. ती काम सोडेल, पण जाण्याआधी तुमच्या घरच्यांना बाजूला घेऊन काळजीनं दोन शब्द बोलेल.

याच सुमारास चोपड्याचे मामा आले. मामा म्हणजे वहिनींचे भाऊ, केळीवाले. घरात पान तपासणारा आहे हे कळल्यावर त्यांनी एस.टी.नं अमळनेर गाठलं, तिथून गाडीनं उधना, आणि बरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून केळीची पानं आणली. ताप्ती लाइनच्या त्या डब्यात मे महिन्यात माणूस शिजतो, तर पिशवीतल्या पानाचं काय झालं असेल ते सांगायला नको. पिशवी उघडली तेव्हा आतून वाफ आली आणि एक वास आला. पुतण्या खोल आवाजात म्हणाला, ‘‘मामा, कागदी पिशवी पाहिजे होती.’’

मामांनी आणलेली पानंही खास होती. सगळ्यात पिवळी, सगळ्यात करपलेली, बुडखाजवळची. आजारी माणूस दाखवायचा असेल तर डॉक्टरकडे आजारीच नेतात ना, हा त्यांचा युक्तिवाद. पानाच्या तपासणीत मात्र हे चालत नाही. प्रत्येक पिकाचं तपासायचं पान ठरलेलं असतं. केळीचं म्हणजे वरून तिसरं उघडलेलं. बागेत फिरून पंधरा-वीस झाडांचा थोडा थोडा भाग घ्यायचा, एकाच झाडाचं वैर काढायचं नाही. म्हाताऱ्या पानातून झाडानं काढून घ्यायचं ते आधीच काढून घेतलेलं असतं, तिथं काय सापडणार?

‘‘मग फवारणी कधी झाली?’’ पुतण्यानं विचारलं.

‘‘झायी ना. चार दिवस झायात. करप्यासाठे पावडर मारी.’’

ती पावडर मॅन्कोझेब. तिच्या रेणूतच मँगेनीज आणि जस्त. म्हणजे मामा जस्त कमी आहे का ते बघायला पान घेऊन आले होते, आणि येताना पानावर जस्त मारून आले होते. त्यावर कळस म्हणजे असला फवारा आम्लाच्या धुण्यानंही पूर्ण निघत नाही. त्यामुळे नियम असा की आधी पान काढा, मग फवारा. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘आम्ही येडा शेतस का? आधी पान तोडानं, मंग फवारानं, नि मधमां करपा बाग खाई जाई!’’ हा मुद्दा कुठल्याही पुस्तकात नाही, आणि पुतण्याकडेही त्याला उत्तर नव्हतं. शेवटी त्यानं मामांना पिशव्यांसकट परत पाठवलं, कागदाच्या. मामांनी जाताना सुरतहून साड्या नेल्या आणि त्या पिशव्यांत बांधल्या.

पान धुऊन झाल्यावर पासष्ट-सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये अठ्ठेचाळीस तास वाळवायचं. त्याहून कमी तापमानाला पानातली विकरं काम चालूच ठेवतात, तोडलेलं पान स्वतःलाच खात राहतं. जास्त तापवलं तर करपतं. मग भुकटी, आणि मग ती भुकटी नायट्रिक आणि परक्लोरिक आम्लात शिजवायची. इथं क्रम चुकवून चालत नाही. आधी नायट्रिक, मग परक्लोरिक. उलट केलं आणि सेंद्रिय पदार्थ तसाच राहिला तर स्फोट होतो. क्रम पाळला तर पांढरा धूर येतो, द्रावण पाण्यासारखं नितळ होतं, आणि भाजीची भाजी म्हणून काहीएक ओळख उरत नाही. त्या नितळ पाण्यात आता फक्त धातू. पुतण्यानं हे वर्णन जेवताना केलं. आजीनं ताटातल्या मेथीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘इतलं धुईसन, इतलं जाईसन काय ऱ्हायनं त्यामां?’’ विश्लेषणरसायनशास्त्रावरचा याहून चपखल प्रश्न मी ऐकलेला नाही.

उरलेलं मोजायचं यंत्र म्हणजे अणुशोषण वर्णपटमापी. त्याची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांनी 1955 साली मांडली. द्रावण ज्वालेत फवारायचं, त्यातून त्या त्या धातूच्या दिव्याचा प्रकाश सोडायचा, आणि किती प्रकाश गिळला गेला ते पाहायचं. जस्ताला जस्ताचा दिवा, तांब्याला तांब्याचा. यंत्र अतिशय प्रामाणिक आहे. ते फक्त समोर आलेलं मोजतं, ते पानाचं आहे की बापाचं, हे विचारत नाही.

म्हणून हे लोक ‘ब्लँक’ नावाचा प्रकार करतात. माझा सगळा आदर इथं आहे. पान न घालता रिकामं भांडं घ्यायचं आणि त्यावर सगळे संस्कार करायचे. तीच आम्लं, तेवढाच वेळ, तेच पाणी, तीच चाळणी. शेवटी यंत्रावर जे येईल ते आपलं स्वतःचं. तेवढं प्रामाणिकपणे वजा करायचं. आमच्या भागात दुकानदार, ठेकेदार, नगरसेवक, मी, कोणीही आपलं ब्लँक आजवर मोजलेलं नाही. मोजलं तर वजाबाकीनंतर फारसं उरणार नाही याची सगळ्यांना कल्पना आहे.

पुतण्याच्या ब्लँकमध्ये जस्त आलं. थोडंथोडकं नाही, पालकापेक्षा जास्त. काही दिवस त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्यानं पाणी बदललं, आम्लाची बाटली बदलली, हातमोजे बदलले. जस्त तसंच. अंगठी काढली, घड्याळ काढलं. जस्त तसंच. शेवटी त्याच्याच वर्गातल्या मुलीनं शोध लावला. सुरतचा मे, अंगावर घामोळं, आणि हा पोरगा सकाळी आंघोळ करून मानेला, दंडाला, मनगटाला घामोळ्याची पावडर फासून प्रयोगशाळेत यायचा. पावडरमध्ये झिंक ऑक्साइड. म्हणजे इतके दिवस तो मोठ्या काळजीनं स्वतःचीच तपासणी करत होता. त्या दिवसापासून त्यानं पावडर सोडली. घामोळं आहे, शास्त्र आहे, दोन्ही सहन करतो.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या क्लेअर पॅटरसन यांचं तर आयुष्यच यात गेलं. त्यांना दगडातलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायचं होतं. पण कुठेही हात लावला तरी शिसंच. भांड्यात शिसं, हवेत शिसं, स्वतःच्या केसांत शिसं. मग त्यांनी कॅलिफोर्नियात अशी प्रयोगशाळा उभी केली की जिच्यासमोर आपलं देवघर म्हणजे एस.टी. स्टँड. 1956 मध्ये पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या वर निघालं, आणि पुढे हेही निघालं की हवेतलं हे शिसं पेट्रोलमध्ये मिसळतात तिथून येतंय. पेट्रोलमधून ते काढावं म्हणून हा माणूस नंतर कंपन्यांशी भांडत राहिला. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल 2000 साली आलं. भांडी नीट घासायला घेतली आणि पृथ्वीचं वय सापडलं, असं आमच्या मोरीत अजून झालेलं नाही, पण आशा सोडू नये.

पालकाची तर वेगळीच बदनामी. पालकात भरपूर लोखंड असतं हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कोणा जर्मन शास्त्रज्ञानं दशांश चिन्ह चुकवलं आणि आकडा दहापट झाला, ही गोष्टही पुष्कळांनी ऐकलेली असते. गंमत म्हणजे पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या चुकलेल्या दशांश चिन्हाचाच पुरावा सापडेना. म्हणजे दंतकथा खोडून काढणारी गोष्टसुद्धा दंतकथाच. ताज्या पालकात लोखंड शंभर ग्रॅममागे अडीच-तीन मिलिग्रॅम निघतं, आणि तेही शरीराला सहजी लागत नाही. आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, लोखंड कढईचं लागतं. हेही खरंच आहे. लोखंडी कढईत आंबट भाजी केली की तिच्यात लोखंड उतरतं. कढई एवढं देते तर पालकानं कशाला द्यावं, असा तिचा सरळ हिशोब आहे.

सुरतला स्वच्छतेचं शिकवायचं म्हणजे तसा उर्मटपणाच. 1994 मध्ये प्लेगनं हे शहर रिकामं केलं. तेव्हा गाडीच्या टपावर बसून गावी गेलेली माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत. पुढच्याच वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि शहर असं घासलं की देशभर नाव झालं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर सुरत पहिली आली. आता रस्ता रात्री झाडला जातो, गाडी गाणं वाजवत कचरा न्यायला येते. पण पावसाळ्यात मीठी खाडी घरात येते तेव्हा ती गाणं वाजवत नाही आणि येताना काय काय घेऊन येते ते सांगत नाही. खाडीकाठच्या भाजीतलं नेमकं तेच पुतण्याला मोजायचं होतं.

आणि इथं त्याचं घोडं अडलं. प्रश्न साधा होता. झाडानं मुळातून काय ओढलं ते पाहायचं असेल तर पान पाच पाण्यांतून काढलंच पाहिजे. पण माणसाच्या पोटात काय जातं ते पाहायचं असेल, तर लिंबायतमध्ये कोण भाजी आम्लात बुडवतं? प्रयोगशाळेत धुतलेला पालक जगात कोणीही खात नाही. जो खाल्ला जातो त्याला नळाचं पाणी मिळतं, तेही आलं तर. म्हणून त्यानं प्रत्येक जुडीचे दोन भाग करायचे ठरवले. एक भाग प्रयोगशाळेच्या पद्धतीनं, दुसरा घरच्या पद्धतीनं. घरची पद्धत म्हणजे आजी. प्रबंधात तिचं नाव नाही, ‘पारंपरिक घरगुती प्रक्षालन’ असं आहे.

आजीचं प्रमाणीकरण करणं हे त्या प्रबंधातलं सर्वात अवघड काम ठरलं. पुतण्या घड्याळ आणि मोजपात्र घेऊन मोरीपाशी बसला. पाणी किती घेतेस? ‘‘लागस तितलं.’’ किती वेळ धुतेस? ‘‘साफ व्हवालोंग.’’ साफ झालं हे कसं कळतं? या प्रश्नावर आजीनं त्याच्याकडे जसं पाहिलं तसं वॉल्शच्या यंत्रानंही पाहिलं नसेल. एक दिवस तिनं तांब्यानं धुतलं, एक दिवस नळाखाली. सोमवारी उपास होता म्हणून तिचं लक्ष नव्हतं. एकदा शेजारणीशी बोलता बोलता तिनं तीच जुडी पुन्हा धुतली. पुनरावृत्तीत आकडे जुळले पाहिजेत असं शास्त्र म्हणतं. आजी म्हणाली, रोज भाजी सारखी नसते, तर धुणं सारखं कसं असणार?

तरी बरंचसं जमलं. पुतण्या मोजून पालक द्यायचा, आजी धुऊन द्यायची, तो कागदी पिशवीत भरून न्यायचा. फक्त शेवटच्या नमुन्याच्या वेळी पिशवी हलकी लागली. वजन केलं तर निम्म्याहून कमी. त्यानं आजीला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली की पिवळी आणि भोकं पडलेली पानं तिनं वेगळी काढून त्याला दिली, देठं निवडली, आणि उरलेली चांगली पानं दोन माणसांपुरती होती म्हणून डाळीत घातली. प्रयोगशाळेत न्यायला खराब पान चालतं, खायला चालत नाही.

डाळ लोखंडी कढईत होती. पुतण्या जेवला. प्रबंधाच्या त्या तक्त्यात एका ओळीपुढे ‘नमुना उपलब्ध नाही’ असं छापलंय. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याचं कारण विचारलंच तर काय सांगायचं याची त्यानं तयारी केली आहे. आजीनंही केली आहे. ती म्हणते, मला बोलवा, लसूण जरा जास्त झाला होता हे मीच सांगते.